आईच्या पायाच्या शिरा फुगल्यात, जेवणात नेमकं काय बदलू? (मदत हवी आहे)

भाकरीवालीची_लेक

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. आई ६१ वर्षांची. बावीस वर्षं झाली, घरीच कडक भाकरी करून दुकानांना देते. आधी चुलीपुढे बसून थापायची. गुडघे धरले तेव्हापासून गॅसवर उभ्याने करते. पहाटे साडेचारला ओट्याशी उभी राहिली की साडेदहापर्यंत हलत नाही. डाव्या पोटरीवर शिरा आधीपासून दिसायच्या, पण दोन वर्षांत पार गांडुळासारख्या वर आल्यात. संध्याकाळी घोटे सुजतात. चप्पल काढली की पट्ट्याची खाच पायावर उमटलेली असते, ती रात्रीची जेवणं होईपर्यंत जात नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, कातडी काळपट झालीय आणि खाजते.

मागच्या महिन्यात डॉप्लर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी) केली. व्हेरिकोज व्हेन्स, झडपा निकामी. डॉक्टरांनी पायाला दाब देणारे घट्ट मोजे लिहून दिले, शिरांवर लेसरचा उपचार सुचवला आणि जाताजाता ‘आहार सांभाळा’ म्हणाले. काय सांभाळायचं ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

तेव्हापासून गल्लीतली प्रत्येक बाई डॉक्टर झालीय. एकीने लसूण-आलं-लिंबाचा काढा दिलाय, त्याने म्हणे ब्लॉकेज मोकळे होतात. दुसरीने वांगं-बटाटा बंद करायला लावलाय, वातूळ म्हणून. तिसरी म्हणते शेंगाचटणी सोडा, तेल शिरांत साठतं. आईने तीन दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि चौथ्या दिवशी ताटावरच रडली.

बीपी आहे, शुगर नाही. वजन ७४, उंची पाच फूट. पोट साफ न होण्याची तक्रार जुनीच. कामाच्या वेळी पाणी पीत नाही, ‘मधेच लघवीला जावं लागतं’ म्हणून. खाण्याने शिरा खरंच सुधारतात का?

पोटरी_फिजिओ

ताई, आधी आईंना त्यांची चटणी परत द्या.

शाळेत रोहिणी आणि नीला शिकलो होतो, आठवतंय? हृदयातून रक्त बाहेर नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला. चरबी साठून ब्लॉकेज होतात ते रोहिणीत. आईंचा आजार नीलेचा आहे. पायातलं रक्त वर चढवायचं तर पोटरीच्या स्नायूने पिळायला लागतं, आणि चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून नीलेत झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली उतरून साचतं आणि शीर फुगते. तिथे मोकळं करायला ब्लॉकेजच नाही, तर काढा करणार काय? गल्लीतले सगळे उपाय दुसऱ्याच नळाचे आहेत.

निकामी झडप कुठल्याही खाण्याने दुरुस्त होत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण त्या झडपेवरचा भार खाण्याने कमी होतो, आणि तुम्ही शेवटी सहज लिहिलंय तिथूनच सुरुवात करा. पोट साफ होत नाही म्हणून रोज कुंथलं की पोटातला दाब वाढतो आणि पायाकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. पोटावरचं वजनही तेच करतं.

ज्वारी घरातच आहे हे तुमचं नशीब. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू, पांढऱ्या तांदळात ३ च्या आसपास. त्यामुळे रात्रीचा भात कमी करून भाकरीच ठेवा, सोबत हुलग्याचं माडगं, मटकी, अंबाडी, शेपू, मेथी. पण तंतू वाढवून पाणी नाही वाढवलं तर पोट आणखी घट्ट होईल. ओट्यावर तांब्या भरून ठेवा आणि मधेच जावं लागलं तर जाऊ द्या त्यांना. ते मधेच चालणं हेच तर औषध आहे! (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी डॉक्टरांना विचारून.)

तिसरी_पाळी

ताई, आमचे वडील ३० वर्षं मागावर उभे होते. शिरांकडे बघितलं नाही, शेवटी घोट्याजवळ जखम झाली ती आठ महिने भरली नाही. काळपट कातडी आणि खाज म्हणजे त्याच्या आधीची पायरी, असं ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने सांगितलं होतं. आहार बघा, पण लेसरचं पुढं ढकलू नका. खाजवू देऊ नका, खोबरेल लावा. आणि शीर फुटून रक्त आलं तर घाबरायचं नाय, आडवं झोपवून पाय वर आणि फडक्यानं घट्ट दाबून धरायचं. आम्ही वडलांना खुर्चीत बसवलं होतं, सगळी फरशी लाल.

बटाटेवडा_निष्पाप

वांग्या-बटाट्याचा आणि शिरांचा काही संबंध नाही हो. वड्याचा आणि वजनाचा आहे, ते मी स्वतःवरून सांगतो.

गोळीवाला

मेडिकल स्टोअर चालवतो. बीपीची गोळी कोणती चालू आहे?

भाकरीवालीची_लेक

अ‍ॅम्लोडिपिन १०. का?

गोळीवाला

तिने घोट्यांना सूज येऊ शकते, डोस मोठा असला तर जास्त. शिरा तिच्यामुळे नाहीत, पण संध्याकाळच्या सुजेत तिचा वाटा असू शकतो. सूज उजव्या पायालाही असेल तर नक्की विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. लसणाचा काढा भरपूर चालू असेल तर लेसरआधी तेही सांगा, रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होतो. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम होऊन दुखायला लागला, किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना.

संत्र्या-लिंबाच्या जातीतल्या फळांपासून डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या बनतात, डॉक्टर त्या शिरांसाठी देतात. पण ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत जेवढं असतं, तेवढं लिंबू पिळून मिळत नाही. डाळिंब आपल्याकडे मुबलक आहे, ते रसापेक्षा दाणे चावून खाल्लेलं बरं.

पोटरी_फिजिओ

गोळीवाले, बरं विचारलंत. मिठाचं राहिलं होतं. जास्त मीठ म्हणजे अंगात पाणी धरणं, आणि ते साचतं घोट्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, सपाट एक छोटा चमचा. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा ५० दिवस पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती पुरतो?

भाकरीवालीची_लेक

आत्ता डबा उघडून, बिलं काढून बघितलं. विकायच्या भाकरीच्या पिठाचं मीठ वेगळं असतं. ते सोडून चौघांना एक पुडा २३ दिवस. शिवाय लोणचं आणि पापड बाहेरचे, ते यात धरलेच नाहीत. मी हबकलेच.

पोटरी_फिजिओ

मग शेंगाचटणी चमच्याने, वाटीने नाही. घरी कुटाल तेव्हा मीठ निम्मं, लसूण हवा तेवढा. वर दही घालून खाल्लं तर कमी मीठ कळतही नाही. लोणचं-पापड दोन्ही एका ताटात नको.

भाकरीवालीची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. सूज दोन्ही पायांना होती, आमचं लक्ष सारखं डाव्याच पायाकडे. रात्रीचा भात बंद, माडगं आईला आवडतंच. पोट आता एक दिवसाआड तरी मोकळं होतं. दर वीस भाकऱ्यांनंतर ती टाचा वर-खाली करते आणि तांब्यातलं पाणी पिते, मोजायला भाकऱ्याच बऱ्या. पलंगाच्या पायथ्याशी दोन विटा लावल्यात. शिरा आहेत तशाच आहेत, पण चपलेची खाच आता दिवेलागणीपर्यंत जाते. लेसरची तारीख पुढच्या महिन्यातली घेतलीय.

भांडण आता मोज्यांवरून. गॅसपुढे, या उन्हात, मांडीपर्यंत घट्ट मोजे! आई म्हणते शिजून निघते मी.

तिसरी_पाळी

डॉक्टरांना विचारा गुडघ्याखालचे चालतील का, वडलांना तेच दिले होते. पहाटे पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधीच चढवायचे, सूज आल्यावर चढतच नाहीत. दोन जोड ठेवा, हातानं धुऊन सावलीत वाळवा. आणि मावशींना सांगा, निम्म्या भाकऱ्या झाल्या की गॅस बंद करून दहा मिनिटं पंख्याखाली पाय वर घेऊन पडायचं. दुकानदार थांबतो, कुठं जात नाय.