कोकाकोला १९७७ ला गेली, मग कोलगेट आणि लिव्हर का थांबल्या?

शिकतोय_एमकॉम
नमस्कार मंडळी. इंटरनॅशनल बिझनेसच्या पेपरला एक केस निवडून लिहायचीये, सरकारी धोरणामुळे परदेशी कंपन्या कशा वागतात यावर. मी फेरा कायदा (परकीय चलन नियमन कायदा) घेतलाय. सगळीकडे एकच गोष्ट सापडते, जॉर्ज फर्नांडिस आले आणि त्यांनी कोकाकोला आणि आयबीएमला हाकललं. पण मग त्याच वेळेला कोलगेट, कॅडबरी, हिंदुस्तान लिव्हर (आजची हिंदुस्तान युनिलिव्हर) कशा काय राहिल्या? कायदा तर सगळ्यांना एकच होता ना? ४० टक्क्यांचा नियम नक्की होता काय आणि कंपन्या काय हिशोब करून राहायचं की जायचं ठरवत होत्या, हे कुणी नीट सांगेल का?

जुना_शेअरवाला
पहिली गोष्ट, कायदा फर्नांडिसांनी आणला नाही. फेरा १९७३ चा, इंदिराबाईंच्या काळातला, १ जानेवारी १९७४ पासून लागू. जनता सरकारात ते उद्योगमंत्री झाले तेव्हा कंपन्यांचे अर्ज आणि घासाघीस आधीपासून चालूच होती, त्यांनी ती शेवटाला नेली. हे पेपरात नक्की लिही, नाहीतर सगळं एका माणसाच्या स्वभावावर जातं आणि धोरण बाजूलाच राहतं.

नियम साधारण असा की परदेशी कंपनीची इथं नुसती शाखा असेल तर तिची भारतीय कंपनी करा आणि परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणा. पण सूट होती, आणि खरी गंमत त्या सुटीत आहे. मोठं तंत्रज्ञान लागणाऱ्या किंवा सरकारने महत्त्वाच्या ठरवलेल्या उद्योगात असाल, निर्यात करत असाल, तर जास्त हिस्सा ठेवता येत होता. आता साबण काय महत्त्वाचा उद्योग नाही. म्हणून शिवडीला साबण बनवणारी लिव्हर केमिकल्समध्ये शिरली, हल्दियाला कारखाना टाकला, निर्यात वाढवली, स्वतःचीच नाही तर दुसऱ्यांनी बनवलेला मालसुद्धा बाहेर पाठवला, आणि ५१ टक्के राखले. म्हणजे बघ, कंपनीने कुठला धंदा करायचा हे बाजाराने नाही, त्या सुटीच्या कलमाने ठरवलं. माझ्या मते तुझ्या केसचा गाभा हाच आहे, कोण गेलं यापेक्षा जे राहिले ते कसे बदलले ते बघ.

कोलगेट, कॅडबरी यांनी सरळ हिस्सा कमी केला आणि १९७८ च्या सुमाराला शेअर पब्लिकला विकले. त्या वेळी इश्यूची किंमत कंपनी ठरवत नव्हती, अर्थखात्यातले कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवायचे आणि ती बाजाराच्या मानाने फार कमी असायची. मुंबईतल्या कितीतरी नोकरदार घरांत शेअर हा प्रकार पहिल्यांदा आला तो या इश्यूंमुळे. परकीय चलन वाचवायला केलेल्या कायद्यातून मध्यमवर्ग शेअरबाजारात आला, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

खराडी_लाईन
काकांनी शेअरचं छान सांगितलं, मी कॉम्प्युटरचं सांगतो कारण यात पुण्याचा थेट संबंध आहे.

आयबीएमचं म्हणणं होतं की जगभर आमच्या कंपन्या १०० टक्के आमच्याच असतात, इथं वेगळं केलं तर बाकीचे देशही तेच मागतील. १९७८ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. इथं लावलेली त्यांची मशिन्स सांभाळायचं काम सरकारी सीएमसीकडे गेलं. पण त्याच धंद्यातली ब्रिटिश आयसीएल थांबली!! त्यांनी हिस्सा ४० वर आणला, आयसीआयएम नावाने पुण्यात काम चालू ठेवलं, आणि तीच कंपनी पुढे झेन्सार झाली, खराडीला आहे ती. आणि तिकडे टीसीएसवाल्यांनी अमेरिकन बरोज कंपनीचं कॉम्प्युटर मशिन आयात करताना सरकारला सॉफ्टवेअर निर्यातीचं वचन दिलं होतं, ते १९७४ च्या आसपासचं. त्या अटीतून परदेशात माणसं पाठवून काम करायची सवय लागली. आयबीएम गेली म्हणून आयटी उभी राहिली असं लोक बिनधास्त म्हणतात, मला ते पटत नाही, त्याला आणखी बरीच कारणं आहेत, पण एकाच नियमाला दोन कॉम्प्युटर कंपन्यांनी उलट उत्तरं दिली हे तर समोरच आहे.

शिकतोय_एमकॉम
भारी माहिती, दोघांनाही खूप धन्यवाद. पण कोकाकोलाचं अजून कळलं नाही. त्यांच्या बाटल्या तर भारतीय लोकच भरत होते ना, मग ४० टक्के मान्य करायला काय हरकत होती?

अॅड_मेधा
बाटल्या भारतीय बॉटलर भरत होते हे बरोबर, आणि म्हणूनच अडलं. कोकाकोलाकडे इथं स्वतःचं असं काय होतं, तर फक्त कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पेयाचा मूळ अर्क. सरकार म्हणालं ६० टक्के भारतीय असलेली कंपनी काढा आणि ते बनवायचं ज्ञान त्या कंपनीला द्या. टूथपेस्टवाल्याला भागीदार घेतला तरी ब्रँड आणि कारभार हातात राहतो, ४० टक्के असले तरी बाकीचे ६० टक्के हजारो छोट्या लोकांत विखुरलेले, म्हणजे मीटिंगमध्ये चालणार त्यांचंच. कोकाकोलाला मात्र फॉर्म्युला दिला की द्यायला काही उरतच नव्हतं. म्हणून टक्केवारी बघताना नेहमी विचार कर की कंपनीला खरी भीती कशाची आहे, नफा वाटून घ्यायची का गुपित जायची. नफा बहुतेक जणी वाटतात.

कोकाकोला गेल्यावर सरकारने डबल सेव्हन नावाचं पेय आणलं, ते फार चाललं नाही, पारलेचं थम्स अप चाललं. १९९३ ला कोकाकोला परत आली आणि पारलेचे ब्रँडच विकत घेतले. पुढे बॉटलिंग कंपनीला परवानगी देताना ४९ टक्के भारतीयांना विकायची अट होती, ती सैल करून घ्यायला त्यांनी खूप वर्षं घालवली. आणि आता डिसेंबर २०२४ मध्ये बॉटलिंगच्या धंद्यातला ४० टक्के हिस्सा त्यांनी स्वतःहून जुबिलंट भरतिया ग्रुपला विकायचं जाहीर केलं, कुठल्याही कायद्याची सक्ती नसताना.

जुना_शेअरवाला
मेधाताईंनी मुद्दा बरोबर पकडला. यात एक जोड हवी, १९९१ नंतरची. जुलै १९९१ च्या धोरणात बऱ्याच उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप परवानगी मिळायला लागली. मग ज्या कंपन्यांनी हिस्सा कमी केला होता त्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतःलाच नवे शेअर देऊन तो परत ५१ वर नेला, आणि कित्येकांनी बाजारभावापेक्षा खूपच कमी किमतीला. छोट्या भागधारकाचा यात सरळ तोटा होता आणि मला आजही त्याचा राग येतो. १९९४ मध्ये सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, किमतीचा नियम आणला पण तोवर बऱ्याच जणींचं काम उरकलं होतं. दार उघडताना सरकारने फक्त कोण आत येतंय ते बघितलं, आतल्यांचं काय होतंय ते नाही. हे लिहिलंस तर प्राध्यापकांना नवीन वाटेल.

खराडी_लाईन
आणि आजचं उदाहरण हवं असेल तर इन्शुरन्स घे. परदेशी हिश्श्याची मर्यादा आधी २६ टक्के, २०१५ ला ४९, २०२१ ला ७४, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १०० केली. २६ च्या नियमामुळे अलियान्झला २००१ मध्ये इथं भागीदार घ्यावाच लागला, त्यातून पुण्यात बजाज अलियान्झ झाली. मर्यादा वाढत गेली तरी त्यांचा हिस्सा २६ वरच राहिला, आणि मार्च २०२५ मध्ये तो बजाजने विकत घ्यायचा करार झाला, साधारण २४ हजार कोटींना. अलियान्झ देश सोडून गेली नाही, जिओ फायनान्शियलबरोबर नवीन भागीदारी जाहीर केली.

शिकतोय_एमकॉम
म्हणजे तेव्हा ७४ ची परवानगी असूनही परत भारतीय भागीदारच शोधला? हे मी वेगळ्या भागात घेतो. आधी लिव्हरचं लिहायला बसतो, हल्दियाच्या कारखान्याबद्दल जुने वार्षिक अहवाल कुठे वाचायला मिळतील?

अॅड_मेधा
मुंबई विद्यापीठाच्या लायब्ररीत विचार, नाहीतर फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत. जुन्या वर्तमानपत्रांत कंपनीच्या अध्यक्षांची वार्षिक सभेतली भाषणं पान पानभर छापून यायची, ती आधी काढ. सूट मिळवायला सरकारला काय काय पटवून दिलं ते त्यात त्यांच्याच शब्दांत असतं.