प्रतिसाद: पूर्ण विश्रांती की हलका रियाज?

गिटारवादकाच्या डाव्या मनगटाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) दुखावला तर वर्षभर कार्यक्रमच घेऊ नयेत, हे वरचं मत मला पटत नाही. बोटं बधिर होत असतील तर आधी डॉक्टर, यात वादच नाही. पण फिजिओथेरपिस्टने वाजवायला परवानगी दिली असेल, तर हातावरचा भार गिटारवरच कमी करता येतो आणि त्याबद्दल इथे कोणीच लिहिलेलं नाही. सगळ्या तारा अर्धा स्वर खाली लावा आणि पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. स्वर मूळचाच राहतो, ताण साधारण ११ टक्के कमी होतो, बोटांचा पसाराही ५-६ टक्क्यांनी आखडतो. बारे (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं) धरताना फरक लगेच जाणवतो. कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासा, बासच्या तारा हमखास चढतात.

दुसरं, गोव्याचा पावसाळा. जूनपासून दमट हवेने गिटारची वरची लाकडी फळी फुगते, ब्रिज (फळीवर तारा बांधलेली पट्टी) वर येतो आणि तारांची उंची वाढते. म्हणजे दुखऱ्या हाताला नेमकं तेव्हाच जास्त दाबावं लागतं. नायलॉन तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटवर सहावी (जाड) तार ४ आणि पहिली (बारीक) ३ मिलिमीटरच्या आसपास उंच हवी. तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) एक मिलिमीटर घासावं लागतं. मूळ सॅडलला हात लावू नका, पावसाळ्यासाठी हाडाचं वेगळं करून घ्या, नाहीतर डिसेंबरात फळी बसली की तारा खरखरतात. कार्यक्रमात सलग दोन बारेवाल्या रचना तर नकोच.