एसी चालू असून खोली गार होत नाही, पहाटे पाणी टपकतं. गॅस भरून घेऊ का?

धायरीकर
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. आमच्याकडे दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, चार वर्षं झाली, आत्तापर्यंत कधी कुरकुर नव्हती. गेल्या आठवड्यापासून रात्री लावला की पहिला पाऊण तास मस्त गार हवा येते मग हळूहळू वाराच मंदावतो आणि पहाटे इनडोअरच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी टपकायला लागतं, काल तर आईच्या उशाशी पातेलं ठेवून झोपलो. आई ७८ वर्षांची, उकाड्यानं तिला झोप लागत नाही, मला तीच काळजी आहे. काल एक मेकॅनिक आला, पॅनल न उघडताच म्हणाला गॅस संपलाय, साडेतीन हजार होतील. फिल्टर मी स्वतः दर महिन्याला धुतो. काय करू? सिंहगड रोडच्या बाजूला कोणी खात्रीचा माणूस माहीत असेल तर तेही सांगा.

कर्वेनगरची ताई
दादा, पैसे देऊ नका अजून. आम्ही लागोपाठ दोन उन्हाळे गॅस भरला, दोन्ही वेळा जूनपर्यंत परत जैसे थे. तिसऱ्या वर्षी एका वयस्कर काकांनी बाहेरच्या युनिटला जिथे तांब्याचे पाइप नटानं जोडतात तिथे साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे आले. नट नीट बसला नव्हता एवढंच! दोन वर्षं आम्ही गळक्या हंड्यात पाणी भरत होतो. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो आतल्या आत फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. आधी गळती दाखवा मग भरा, असं स्पष्ट सांगा.

हडपसरचा फिटर
मी हेच काम करतो म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या वर्णनावरून मला गॅसपेक्षा हवेचा प्रॉब्लेम वाटतोय. सुरुवातीला गार लागतं आणि मग वारा कमी होतो म्हणजे कॉइलवर (इनडोअरमधल्या हवा गार करणाऱ्या जाळीवर) बर्फ धरतोय, तोच पहाटे वितळून ट्रेमधून ओसंडतो. आज रात्री वारा मंदावला की एसी बंद करा, पुढचं झाकण उचला, फिल्टर काढा आणि टॉर्च मारून बघा. बर्फ कॉइलच्या एका कोपऱ्यातच आणि बाहेर पातळ पाइपवर असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. अख्खी कॉइल पांढरी झाली असेल तर तिच्यातून हवाच जात नाहीये. बर्फ खरवडू नका हां, कॉइलला भोक पडलं तर मोठा खर्च आहे, नुसता फॅन मोड लावून ठेवा, दोनेक तासात वितळेल.

फिल्टर धुता ते चांगलंच, पण बारीक धूळ त्यातून आरपार जाते आणि कॉइलवर, मागच्या ब्लोअरवर बसते. फ्लॅप उघडून आत बॅटरी मारा, ब्लोअरच्या पात्यांवर काळी लोकर चढल्यासारखं दिसलं तर नुसत्या ब्रशच्या ड्राय सर्व्हिसनं भागणार नाही, जेट पंपानं पाण्याची सर्व्हिस करायला सांगा, ड्रेन पाइपही त्यातच फुंकून घ्या.

आणि खरंच गॅस भरायची वेळ आली तर तीन गोष्टींवर अडून राहा. गळती सापडलीच पाहिजे, भरण्याआधी पाइपातली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे आणि गॅस काट्यावर वजन करून, बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलाय तेवढाच. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत असतो, नुसता गेज (दाबाचा काटा) बघून भरलं तर सगळं अंदाजपंचे. हल्ली बहुतेक घरगुती एसीत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅस आत असताना वेल्डिंग करायला निघालेल्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

बाणेर बाल्कनी
बाहेरचं युनिट पण बघा. आमच्याकडे कबुतरानं युनिट आणि भिंतीच्या मधे घरटं केलं होतं, दोन अंडी, मागची जाळी काड्यांनी आणि विष्ठेनं लिंपलेली. उन्हात बाहेरचं युनिट तापून एसी आपोआप बंद पडायचा. पिल्लं उडेपर्यंत महिनाभर एसी बंद ठेवला, मन धजेना. नंतर बाल्कनीला जाळी मारली. युनिटवर ताडपत्री किंवा कव्हर टाकून एसी लावू नका, मागून हवा ओढायला आणि पुढून फेकायला जागा लागतेच.

धनकवडी आजोबा
आमच्याकडे गुरुवारी लाईट गेली की परत येताना व्होल्टेज फार खालीवर होतं. लाईट गेली की मी एसीचा एमसीबी (बोर्डावरचा खटका) पाडतो आणि आल्यावर पाच मिनिटांनी चढवतो. आमचा एसी जुना, बिनइन्व्हर्टरचा, गेल्या मे महिन्यात बाहेरचा पंखा फिरायचा पण कॉम्प्रेसर नुसता हुं करून बंद. कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला लागणारा विजेचा छोटा डबा, गेला होता. तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) आणला पण बसवायला इलेक्ट्रिशियनच बोलावला, कारण मेन बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला राहतो. कृपया कोणी घरी हात घालू नका.

धायरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री साडेबाराला झाकण उघडलं, अख्खी कॉइल बर्फानं पांढरी! शेजारच्या प्लॉटवर वर्षभर बांधकाम चालू आहे, ती सगळी सिमेंटची धूळ आत गेलेली. आज आमच्याच सोसायटीतल्या एकानं सुचवलेला मुलगा आला, कॉइलला पिशवी बांधून जेटनं धुतलं, बादलीत अक्षरशः गाळासारखं काळं पाणी पडलं, ड्रेन पाइपातून बोटाएवढा शेवाळाचा गोळा निघाला. गॅसला हात लावला नाही. ताईंचं ऐकून नटाला साबणाचा फेसही लावायला सांगितला, बुडबुडा नाही. चार तास २४ वर चालतोय, वारा पहिल्यासारखा आहे, आई गाढ झोपली आहे. पातेलं अजून काढलं नाहीये, उद्या सकाळी बघून सांगतो.

हडपसरचा फिटर
छान झालं. बांधकाम संपेपर्यंत फिल्टर महिन्याला नको, पंधरा दिवसांनी धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. आणि सकाळी बंद करण्याआधी वीस मिनिटं फॅन मोडवर ठेवत जा, कॉइल सुकते, शेवाळ कमी धरतं. पाण्याचं उद्या नक्की कळवा, टपकलंच तर ड्रेनचा उतार बघावा लागेल.