समाजाची परिवार सूची अजून छापायची कशाला?

बखरकार (धागाकर्ता)
ज्ञातिसंस्था दर चार-पाच वर्षांनी समाजातल्या कुटुंबांची नावं, पत्ते, नंबर आणि लग्नाची मुलं-मुली असलेली जाडजूड परिवार सूची काढतात. हा ठोकळा बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब बघा. ए-फोर आकाराची ४०० पृष्ठं म्हणजे २०० पानं. अशी १६ पानं म्हणजे एक चौरस मीटर, तेव्हा एका प्रतीला साडेबारा चौरस मीटर कागद लागतो. ६० जीएसएमचा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) धरला तरी ७५० ग्रॅम. ३००० प्रतींना सव्वादोन टन! यात मुखपृष्ठ आणि मशीन लावताना वाया जाणारे ताव धरलेले नाहीत. तावातून ए-फोरची पानं काढताना थोडा कागद कटाईतच जातो, तो वेगळाच. बरं, फॉर्म गोळा करून मुद्रितं तपासेपर्यंत निम्म्यांची बिऱ्हाडं हललेली, नंबर बदललेले.

रीमवाला
वजनाचा हिशोब बरोबर, पण 'झाडं वाचवा' इथे फारसं लागू पडत नाही. १९८८च्या वनधोरणाने कागद कारखान्यांना लाकडासाठी शेतकऱ्यांकडे वळायला सांगितलं. सुबाभूळ, निलगिरी तिथूनच येते. शिवाय रद्दी आणि उसाचं चिपाड आहेच. खरी घाण बांधणीत आहे. परफेक्ट बाइंडिंगचा (पुस्तकाच्या पाठीला गोंद लावून केलेल्या बांधणीचा) गरम गोंद रद्दीच्या लगद्यात चिकट गोळ्या करतो, आणि मुखपृष्ठावरचं लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकच, ते लगद्यात विरघळत नाही. लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित कोटिंग मागा. चमक थोडी कमी येते, एवढंच.

नाना_पुणेकर
छापू नका, मग काय, पीडीएफ? ती एकदा व्हॉट्सॲपवर गेली की लग्नाच्या मुलींच्या जन्मतारखा आणि नंबर कोणाकडे पोचतील याचा नेम नाही. आणि जुना मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर पीडीएफमध्ये 'कुलकर्णी' शोधा, काही सापडत नाही, कारण अक्षरांमागे युनिकोड, म्हणजे संगणकाला अक्षर ओळखू येणारा प्रमाण संकेत, नसतोच. रूपांतर केलं तर रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. हजारो नावं पुन्हा डोळ्यांनी तपासणार कोण?

खजिनदार
कोणीच न बोललेली गोष्ट: छपाईचा खर्च जाहिरातींतून निघतो. रंगीत पान हातात पडणार नसेल तर जाहिरातदार पैसे देत नाही. वेबसाइटचं दरवर्षीचं बिल मात्र येत राहतं.

बखरकार
@नाना, उघडी पीडीएफ मलाही नको. सभासदाच्या नंबरावर ओटीपी आणि एका वेळी एकच कुटुंब दिसेल असा शोध, एवढं पुरे. २०२३चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. छापील आहे म्हणून सुटका नाही, कारण छपाईआधी सगळं संगणकावरच असतं. फॉर्मवरच दोन चौकोन ठेवा: 'नंबर दाखवावा' आणि 'छापील प्रत हवी'. दुसऱ्यावर खूण असेल आणि पैसे आगाऊ आले असतील तेवढ्याच प्रती. ज्येष्ठांसाठी तालुकावार ६४ पृष्ठांची पुस्तिका, मध्ये दोन पिना, गोंद नाही. वजन १२० ग्रॅम.

नाना_पुणेकर
तालुकावार? अहो, लोक सूची उघडतात तीच तालुक्याबाहेरचं स्थळ बघायला. सख्खे भाऊ तर पाठ असतात.

रीमवाला
मग वधू-वर यादी सूचीतून वगळाच. जमलेल्या लग्नांची नावं पुढची चार वर्षं छापील पानावर तशीच राहतात आणि फोन येत राहतात.