मदत हवी आहे: १९ टक्के मतं, तरी हाती शून्य?

नमस्कार मंडळी. बारावीच्या मुलांना अमेरिकेची निवडणूक शिकवतेय आणि एका जागी अडलेय. १९९२ मध्ये अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली, पण इलेक्टोरल मत (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) एकही नाही. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाचे जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच, तरी इलेक्टोरल मतं ४६! वॉलेस यांचा जोर दक्षिणेत एकवटलेला, पेरो यांचा देशभर विखुरलेला. आणि बहुतेक राज्यांत पहिला येईल त्यालाच त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. इथवर मुलांना पटतं.

पण ‘मत वाया जाईल’ या धास्तीनं मतदार आधीच माघारी फिरतो, ते कसं समजावू? २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले, तिसऱ्या पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती; त्यातली बरीच एरवी बुश यांचे प्रतिस्पर्धी गोर यांना गेली असती, असं म्हणतात. एवढं उदाहरण पुरेल का? मेन राज्यात पसंतीक्रमानं (उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देऊन) मतदान होतं, म्हणजे ही धास्ती कमी व्हावी. तिथलं कुणी असेल तर अनुभव नक्की सांगा.