बेळगावच्या बळ्ळारी नाल्यावरची बिनशब्दांची फिल्म: उपयोग काय?

शिवारफेरी: परवा आमच्या देवळात चादर बांधून अकरा मिनिटांची एक फिल्म बघितली. गावातल्याच पोरानं मोबाईलवर केलेली. जून ते ऑक्टोबर, रोज त्याच बांधावरून बळ्ळारी नाल्याचं तेच चित्र. निवेदन नाही, गाणं नाही. रोपं लागतात, पाणी चढतं, शिवार गायब, मग पिवळं पडलेलं भात. मागनं एकजण ओरडला, "हिरो कवा येतोय?" पण आई सगळं बघून म्हणाली, "आमच्या येळला दोन दिसात वसरायचं की रे." हे वाक्य तिच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. अशा फिल्म गावोगावी दाखवाव्यात असं माझं मत. तुमचं?

मसूरवाला: जागृती कुणाची करूलाय? ज्याचं भात कुजलं तो जागाच असतोय. नाल्यात भराव कुणी टाकला, गाळ का निघत नाही, हे त्या अकरा मिनिटांत आहे का? शब्द नाहीत म्हणजे कुणाचं नावही नाही. 'हवामान बदल' म्हटलं की सगळे सुटले. पावसावर केस कोण घालणार?

टिळकवाडीची: भरावाचा मुद्दा मान्य, पण बाकी पटलं नाही. योरिस इवेन्स या डच दिग्दर्शकानं 1929 मध्ये ॲमस्टरडॅमच्या पावसावर असंच काम केलं होतं, तेही मूकपटात. आणि आपल्याकडं शब्द नसणं ही सोयच. मराठी निवेदन घाला, अर्धं गाव उठणार. कन्नड घाला, उरलेलं उठणार. इथं पाटीवरून भांडणं होतात हो!

कणकुंबीकडचा: 2018 च्या म्हादई पाणीवाटपाच्या निवाड्यात, म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेला 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. हा आकडा आमच्याकडं पोराटोरांना पाठ. पण मलप्रभा उगमाला किती बारीक असते, हे मोर्च्यात ओरडणाऱ्या कितीजणांनी बघितलंय? टीएमसी डोळ्याला दिसत नाही, धार दिसते.

मसूरवाला: दिसून काय झालं? 2019 च्या मे महिन्यात चिकोडी-अथणीकडं कृष्णा आटली, कोयनेचं पाणी मागायची पाळी आली. ऑगस्टात त्याच कृष्णेनं गावं बुडवली. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. पुढं?

शिवारफेरी: बघितलं, पण तुकड्यातुकड्यानं. मे महिन्याची बातमी ऑगस्टात कोण काढतंय? ही दोन चित्रं एकापुढं एक लावणं, हेच तर फिल्मचं काम.

टिळकवाडीची: एक मात्र मसूरवाल्यांचं खरं. देवळात दाखवून अर्धंच काम झालं. आमच्या मोऱ्यांचं पाणी त्याच नाल्यात येतं. आम्ही राकसकोप धरणाचं पाणी पितो आणि घाण तुमच्या शिवाराकडं सोडतो. ही फिल्म आधी शहरात लावा. आम्हाला अकरा मिनिटं गप्प बसवा.

मसूरवाला: आता बोललात! भात निघाल्यावर मसूर पेरायच्या टायमाला त्या पोराला पाठवा, कॅमेरा लावायला माझा बांध देतो. फक्त भरावाचा ढीग चौकटीत आला पाहिजे. नाहीतर चहा पिऊन परत जाऊ दे.