लेक २० महिन्यांचा, अजून एकही शब्द नाही. मुंबईत कुठे दाखवू?

मुलुंडकरीण:
नमस्कार मंडळी. लेक तेराव्या महिन्यात चालला, खाणंपिणं उत्तम, पण अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही. काही हवं असलं की माझा हात ओढत फ्रीजपाशी नेतो, बोट दाखवत नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, दोन वर्षांपर्यंत थांबा. मला धीर धरवत नाहीये. हो, ३४व्या आठवड्यात झालाय, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता.

दोनलेकरांचीआई:
थांबू नका. सहा आठवडे आधी जन्मला, म्हणजे त्याचं हिशोबाचं वय साडेअठरा महिने. दोन वर्षांचा होईपर्यंत हे आठवडे वजा करतात. तरी शब्दांपेक्षा मला ते बोट न दाखवणं खटकतंय.
आधी कान तपासा. जन्मानंतर ओएई ही कानाची चाचणी 'पास' असेल तरी बेरा ही दुसरी चाचणी कराच. ओएई कानाच्या आतल्या भागापुरती, बेरात आवाज नसेतून पुढे पोचतो का ते कळतं, आणि एनआयसीयूतल्या बाळांत नेमकं तिथेच अडू शकतं. वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची संस्था आहे. बेराला मूल झोपलेलं लागतं, म्हणून आम्ही धाकटीला पहाटेपासून जागं ठेवलं. बाईसाहेबांनी माहीमलाच मान टाकली आणि तिथे पोचल्यावर टक्क जाग्या!

गिरगावकर:
उगाच घाबरवू नका हो. आमचा पुतण्या तीन वर्षांचा झाल्यावर बोलला, आता वर्गात बाई त्याला गप्प बसवतात.

दोनलेकरांचीआई:
खरंय, बरीच मुलं आपणहून बोलायला लागतात. पण कुठलं लागेल आणि कुठलं नाही, हे आज कोण सांगणार?

परळवाला:
मी फिजिओ आहे. चाळणी (स्क्रीनिंग) आणि निदान यांत गल्लत करू नका. एम-चॅट ही ऑटिझमच्या चाळणीची २० प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते. त्यात जास्त गुण आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, पुढची तपासणी हवी एवढंच. मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर, मुलाबरोबर खेळत बघतात: ठोकळे रचतो का, नजर देतो का, नक्कल करतो का. त्या वेळी पालकांनी मागून 'दाखव ना काकांना' करू नये, सगळं बिघडतं. घरचे व्हिडिओ, एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. वाडिया, केईएम, सायन, नायर कुठेही बालरोग ओपीडीपासून सुरुवात करा. उम्मीद ही संस्था २००१पासून याच कामात आहे. नाव आजच लावा. निदान होईपर्यंत स्पीच थेरपी अडवून ठेवायची गरज नाही.

मुलुंडकरीण:
आभार सगळ्यांचे. बेरासाठी गुरुवारचा नंबर मिळालाय. लोकलमध्ये झोपायला नको म्हणून टॅक्सीनेच नेते.

दोनलेकरांचीआई:
टॅक्सीत तर आणखी लवकर झोपतात!